शेततळ्याला अनुदान आहे पण आधी पैसे आपलेच घालायचे, हे परवडतं का?

मोसंबीवाला_जालना
नमस्कार मंडळी. बदनापूर तालुक्यात आमची दोन एकर मोसंबी आहे, सव्वादोनशे झाडं, बाकी सोयाबीन-कापूस. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं घ्यायचं वडिलांच्या डोक्यात आहे, कागदासकट (तळाला अंथरायचा प्लास्टिकचा कागद, पाणी मुरू नये म्हणून). कृषी ऑफिसात म्हणतात की पूर्वसंमती घ्या, काम करा, बिलं अपलोड करा, मोका तपासणी (जागेवर येऊन पाहणी) झाली की पैसे खात्यात येतील. म्हणजे आत्ता साधारण तीन लाख कुठून तरी उभे करायचे. बँकेचं पीक कर्ज आधीच अंगावर आहे, राहिला खाजगीवाला, तो महिना तीन टक्के सांगतो. आता पाऊस कधी महिनाभर दांडी मारतो कधी दोन दिवसात सगळं वाहून नेतो, त्यामुळे तळं हवं हे पटतं, पण हिशोब जुळेना. कुणी केलंय का?

बांधावरचा
दादा, खाजगीवाल्याचे घेऊन अजिबात करू नका. तीन लाखाला तीन टक्के म्हणजे महिन्याला नऊ हजार नुसतं व्याज, अनुदान आठ महिने लटकलं तर बहात्तर हजार गेले की! आमच्याकडे ज्यांनी तळी केली ते एकतर नोकरीवाले नाहीतर आधीच दहा-पंधरा एकरवाले. योजना सगळ्यांसाठी असते हो, पण दारातच खिसा तपासतात.

पाणी_आणि_पैसा
मूळ मुद्दा हाय की तळं भरणार कशाने? पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत असेल तर गोष्ट वेगळी. पण कागद टाकलेली बहुतेक तळी आपल्याकडे विहीर नाहीतर बोअर उपसूनच भरतात, म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण वर काढून उन्हात ठेवतो. वरचं तोंड ९०० चौरस मीटर, एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिमी जरी उडालं तरी भरलेल्या तळ्यातनं रोजचे सात हजार लिटर गेले. आणि ते पाणी एकट्याचं नसतं, शेजारच्याची विहीर त्यामुळे महिनाभर आधी तळ गाठते, त्याला अनुदान मिळालेलं नसतं, नुकसान मात्र मिळतं. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणतात त्याला, पण एकाने जुळवून घेतलं आणि दुसऱ्याच्या गळ्याला लागलं असं होतं हे. नगरकडच्या हिवरे बाजार गावात शेतीसाठी बोअर बंद ठेवून गावाने आधी पाण्याचा ताळेबंद मांडला, मग पिकं ठरवली, ते यासाठीच.

मोसंबीवाला_जालना
आमचंही विहिरीनेच भरणार आहे, खोटं कशाला बोलू. पण २०१२-१३ ला आमच्या भागात बागाच्या बागा सरपण झाल्या, ते वडील विसरत नाहीत.

कडबाकुट्टी
बरोबर आहे त्यांचं. सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो, मोसंबी गेली तर नवीन लावून फळ धरेपर्यंत पाच-सहा वर्षं हातात काही नाही. म्हणून तळ्याचा हिशोब दरवर्षीच्या नफ्यावर करू नका, एका वाईट उन्हाळ्यात बाग वाचते का यावर करा. तुमच्या तळ्यात साधारण २० लाख लिटर मावेल. झाडाला दिवसाला १०० लिटर धरले तर बागेला रोज साडेबावीस हजार लिटर, शिवाय उन्हाने उडणारं पाणी, म्हणजे दोन-सव्वादोन महिने निघतील. बहार न धरता (फळ न घेता) फक्त झाडं जगवायची म्हटलं आणि आळ्यात पाचटाचं आच्छादन केलं तर अजून ताणता येईल.

पाणी_आणि_पैसा
हे मान्य. फक्त पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना भरा, जानेवारीत नको.

बाकी पैशाचं म्हणाल तर वरून खालपर्यंत तीच कथा आहे. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांना हवामान बदलासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ म्हटलं, तो आकडा गाठला २०२२ ला, तोही बराचसा कर्जाच्या रूपात, आणि त्यात जुळवून घेण्याच्या कामांना वाटा कमीच. आपला पोकरा प्रकल्पसुद्धा (हवामान बदलात शेती टिकावी म्हणून राज्याने आणलेला) जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावरच उभा राहिला. राज्याला निदान ते स्वस्तात आणि लांब मुदतीने मिळतं, तुम्हाला तीन टक्के महिना!

बांधावरचा
गट असेल तर एफपीओमार्फत (शेतकरी उत्पादक कंपनी) बघा, नाहीतर पूर्वसंमतीचं पत्र घेऊन जिल्हा बँकेत मध्यम मुदतीचं कर्ज विचारा, अनुदान थेट कर्जखात्यात जमा करायचं लिहून द्या. कागद ५०० मायक्रॉनचाच घ्या आणि कुंपण पहिल्या दिवशी करा, पोरंढोरं घसरली तर वर येता येत नाही त्या कागदावरून.

मोसंबीवाला_जालना
बँकेत सोमवारी जातो. शेजारच्या काकांची विहीर आमच्यापासून शंभर फुटावर आहे, त्यांच्याशी पण बोलावं लागेल आता.