रविवार सोडून बाकीचे सहा दिवस

सर्वांना सलाम. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सुरू झाला की आमच्या ख्रिस्ती देवळात साक्षीच्या सभा लागतात. माईकवरची प्रत्येक साक्ष शेवटी गोड होते. आजार बरा झाला, व्हिसा मिळाला, मुलाची दारू सुटली. खोटं कोणी बोलत नाही, पण घरी येताना वाटतं, ज्यांचं काहीच बरं झालं नाही ते कुठे बसले होते? बहुधा मागच्या बाकावर, माझ्याच शेजारी. हा धागा त्यांच्यासाठी. चमत्कार नकोत. रविवार सोडून बाकीच्या दिवसांत विश्वास कुठे उपयोगी पडला, कुठे पडला नाही, ते लिहा.

मी शरणपूरची. १८५४ मध्ये मिशनऱ्यांनी वसवलेलं हे गाव आता नाशिक शहराच्या पोटात गेलंय. शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं आणि सिग्नल आठवतात. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, शिकली, आणि त्यांतले बरेच जण १८७५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या फ्रेरेटाउनला गेले. आईबापांपासून तुटलेली ती पोरं रात्री कोणत्या भाषेत प्रार्थना करत असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. असो. माझं शेवटी लिहिते, आधी तुम्ही.

निफाडकडचा बागाईतदार

अडीच एकर थॉमसन द्राक्षं. मण्यात पाणी उतरलं होतं, पंधरा दिवसांत माल निघाला असता. दुपारी चारला आभाळ भरलं आणि वीस मिनिटं गारा पडल्या. तिसऱ्या दिवशी बागेत शिरलो तर आंबूस वास, आणि चिलटं इतकी की तोंड उघडता येईना.

पाळकसाहेब मोटारसायकलवर आले. म्हटलं, आता सगळं गमावूनही देवाला न सोडणारा बायबलमधला ईयोब ऐकावा लागणार. त्यांनी पँट दुमडली आणि फुटके घड क्रेटात भरायला लागले. शेजारचे दोघे भाऊ माळकरी, तेही आले. चहाच्या वेळेला पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "हबक्कूकचा तिसरा अध्याय वाच कधी. सतरावी-अठरावी ओवी." रात्री वाचली. द्राक्षवेलीला फळ आलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, अशा अर्थाचं आहे. मला राग आला. हबक्कूक संदेष्ट्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नव्हतं.

पण एप्रिल आला. पीक हाती लागो न लागो, खरड छाटणी करावीच लागते. एक-दोन डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, ठेवायचे आणि बाकीची काडी उतरवायची. बाग बोडकी दिसते, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं वेल मेलेत. गंमत अशी की पुढच्या हंगामाचा घड याच उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, करा, डोळ्यांना पेस्ट लावा, मग फुटीबरोबर घड बाहेर येतो आणि तेव्हा कळतं मे महिन्यात आत काय चाललं होतं. हे मला वीस वर्षं माहीत आहे. काड्या तपासायला आम्ही लॅबला पाठवतो. योहानाचा पंधरावा अध्यायही लहानपणापासून पाठ आहे, पिता फळ देणाऱ्या फाट्याची छाटणी करतो म्हणून. पण ही दोन माहित्यांची गाठ त्या एप्रिलपर्यंत कधी पडली नव्हती. कात्री हातात होती, आणि मी बांधावर बसून रडलो. पुढच्या साली माल बरा निघाला, भाव पडला. कर्ज आहे अजून. त्याला कोणी छाटत नाही.

रात्रपाळीची सिस्टर

२०२१ चा एप्रिल. पंचवटीतले एक आजोबा, मास्क लावलेला, बोलताना धाप. म्हणाले, "सिस्टर, रामरक्षा येते का?" मला येत नव्हती. मोबाइलवर लावली आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या कानाशी धरला. हातमोज्यात घाम साचून बोटं पांढरी पडली होती, तेवढंच आठवतं. पहाटे ते गेले. यावरून इथे मला कोणी शास्त्र शिकवू नये, ही विनंती.

त्या महिन्यात मी एकदाही प्रार्थना केली नाही. देवाशी भांडायची ताकद नव्हती, मग बोलायची कुठून येणार? महिला मंडळातल्या एका मावशींना फोनवर सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या वाटणीची आम्ही करतो. तू जेव आणि झोप." मी जेवले आणि झोपले.

नाशिकरोड

आम्ही ख्रिश्चन नाही, लिहिलं तर चालेल ना? बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला सासूबाई जायच्या, आता मी जाते. गर्दीत कोण कुठल्या धर्माचं, काही कळत नाही. पहिल्यांदा मूल व्हावं म्हणून मेणबत्ती लावली. झालं नाही. तरी जाते. का, ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. तिथून निघताना पाय हलके असतात.

अंबड एमआयडीसी (आता घरी)

कंपनीने काढलं तेव्हा मंडळीतल्या प्रत्येकाने एकच सांगितलं, "देवाची काहीतरी योजना असेल." आठ महिने ऐकतोय. ज्यांना हप्ते नाहीत त्यांना योजना लवकर दिसतात. मला बरं वाटलं ते फक्त एका काकांचं. त्यांनी काही न बोलता माझा बायोडेटा मागून घेतला, चष्मा लावून चुका काढल्या आणि 'अनुभव' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. देवळात जातो अजून. मागच्या बाकावर असतो, ताई. बहुतेक तुमच्याच शेजारी.

जेल रोडवरची एक गृहिणी

आमच्याकडे मिस्टर प्रार्थनेला जायला लागले, मी नाही. माहेरी कळल्यावर काय झालं ते लिहीत नाही. मला धीर आला तो लक्ष्मीबाई टिळकांमुळे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मध्ये पाच वर्षं! त्या पाच वर्षांत बाईने काय काय सोसलं असेल, आणि स्वतःच्या बुद्धीने ठरवलं. मी माझं अजून ठरवलेलं नाही. मिस्टर घाई करत नाहीत, एवढं मात्र त्यांच्यात बदललंय. आधी भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे.

पुन्हा मी, शरणपूर

अंबडच्या दादा, येत्या रविवारी शेजारी वळून बघणार आहे.

माझं असं. आईला स्मृतिभ्रंश आहे, तीन वर्षं झाली. मला ती कधी "बाई" म्हणते, कधी स्वतःच्या मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारते. दोन नावं तर अशी, की ती कोणाची हे सांगणारं आता घरात कोणी उरलं नाही. पण प्रभूची प्रार्थना सुरू केली की पुढची ओळ तिच्याकडून येते, जुन्या उच्चारात, न अडखळता. मी आधी यात फार अर्थ शोधायचे, डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं की लहानपणी घोकलेलं सगळ्यांत शेवटी जातं. जाईलही.

काल रात्री प्रार्थना म्हणत होतो. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" इथपर्यंत आली, थांबली, स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "अगं, तवा ठेवलास का?"

ठेवला नव्हता. उठून ठेवला.