बापाचं कर्ज नको म्हणण्याचा हक्क: रोमन कायद्याने दिला ते बरं केलं का?

ओसरी
रोमन कायदेपंडित गायसच्या 'इन्स्टिट्यूट्स'मधलं वारशाचं प्रकरण वाचतोय. (दुसऱ्या शतकातलं हे पुस्तक शतकानुशतकं बेपत्ता होतं. १८१६ साली नीबूर या जर्मन इतिहासकाराला इटलीतल्या व्हेरोनात सापडलं तेही खरवडून पुसलेलं, वर संत जेरोमची पत्रं लिहिलेली. असो.)

रोममध्ये वारस म्हणजे कर्ज फेडून उरलेल्याचा धनी नव्हे. मेलेल्याच्या जागी तो स्वतः उभा राहायचा. वाडा त्याचा, तसं कर्जही त्याचंच, आणि कमी पडलं तर स्वतःच्या खिशातून. मग नको म्हणता यायचं का? बाहेरच्या माणसाला वारस नेमला असेल तर खुशाल यायचं. मृत्युपत्रात विचाराला बहुधा १०० दिवसांची मुदत असे. बापाच्या सत्तेतला मुलगा मात्र बाप गेल्या क्षणी वारस, 'इच्छा असो वा नसो'. पुढे प्रीटर या न्यायाधिकाऱ्याने त्याला पळवाट दिली: मालमत्तेला हात लावला नाहीस, तर सावकारांचे दावे तुझ्यावर चालू देणार नाही.

माझं मत, जुनं होतं तेच ठीक होतं. सावकार घर बघून पैसे देतो. शिवाय नकार हा एकट्याचा मामला नसतो. नेमलेला वारस मागे हटला आणि पर्यायी कुणी नसला, की अख्खं मृत्युपत्र कोसळतं. ज्यांना काही ठेवलं त्यांचं बुडतं, ज्या गुलामांना मुक्ती लिहून दिली ते गुलामच राहतात.

सदाफुली
घर बघून पैसे दिले म्हणता, पण त्या घरात मुलाचं होतं काय? बाप हयात असेतो मुलाच्या नावावर काही नसायचं. मग तो पन्नाशीचा का असेना. कमावलं ते बापाचं, कर्ज काढायचं की नाही हेही बापच ठरवणार. आयुष्यभर ज्याच्या हाती किल्ली दिली नाही, त्याच्या गळ्यात शेवटी कुलूप अडकवायचं? प्रीटरने उशीर केला एवढीच माझी तक्रार.

ओसरी
आपल्याकडे याज्ञवल्क्यानेही मुलाला बापाचं ऋण फेडायला लावलंच आहे की.

सदाफुली
अर्धंच वाचलंत. दारू, बाई आणि जुगारापायी केलेलं कर्ज मुलाने देऊ नये, हेही त्याच प्रकरणात आहे. तिथे निदान कर्ज कशासाठी काढलं ते विचारलं जात होतं.

तिरफळ
मुलांचं राहू द्या, गुलामाचं बघा. दिवाळखोर मालक मरताना आपल्याच एका गुलामाला मुक्त करून वारस नेमायचा. त्याला नकार नाहीच, प्रीटरकडची मुलाची सवलतही नाही. का? सावकारांनी मालमत्ता लिलावात काढली की ती वारसाच्या नावावर निघावी आणि नाचक्की मेलेल्या मालकाऐवजी त्याची व्हावी म्हणून. इसवी सन ४ चा एलिया सेंशिया कायदा सावकारांना बुडवून गुलाम मुक्त करायला मनाई करतो, पण अशा एका गुलामापुरता अपवाद ठेवतो! साबिनुस हा गायसच्या आधीचा कायदेपंडित म्हणाला होता, याचा दोष नाही, कायद्याची सक्ती आहे, याला बट्टा लावू नका. गायस म्हणतो, आम्ही तसं मानत नाही. एका ओळीत विषय संपवला.

ओसरी
त्याला स्वातंत्र्य मिळालं हे विसरू नका. नंतर कमावलेलं सावकारांपासून वेगळं राखायची सोयही होती. मला हा सौदा वाटतो, आणि वाईट नाही वाटत.

तिरफळ
ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचा सौदा कसला?

मधलं बोट
जरा अवांतर. एक रोमन सरदार दोन कोटी सेस्टर्सहून (रोमन नाणी) जास्त कर्ज लपवून मेला. लिलावात सम्राट ऑगस्टसने त्याची उशी विकत घ्यायला सांगितली. एवढं देणं असून ज्या उशीवर झोप लागते ती आपल्याकडे हवी, म्हणे. त्याच्या वारसाला झोप लागली का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मांडवीकाठ
तुम्ही दोघं 'घे' किंवा 'सोड' एवढ्यावरच अडलात. सम्राट जस्टिनियनने ५३१ साली तिसरी वाट काढली. वारसाने ३० दिवसांत मालमत्तेची यादी करायला घ्यायची, पुढच्या ६० दिवसांत पुरी करायची. तशी केली, की मालमत्तेत असेल तेवढंच कर्ज त्याच्यावर. ही वाट १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत आली आणि तिच्यासोबत आमच्या गोव्यात. वारसा सरळ घ्या, यादीच्या सवलतीने घ्या, नाहीतर नाकारा. १९६१ नंतरही संहिता राहिली. वारसाहक्काचा नवा कायदा २०१२ चा, तरी कोर्टातल्या वाटणीला आमच्याकडे अजून 'इन्व्हेंटरी', म्हणजे यादीच म्हणतात. आणि ओसरी, मुंबई इलाख्यातही मुलाला वारशात काही न मिळता बापाचं कर्ज फेडावं लागे. ते १८६६ च्या कायद्याने थांबलं, मिळालं तेवढ्यापुरतंच देणं राहिलं. म्हणजे तुमचं 'जुनं ठीक होतं' इथेही टिकलं नाही.

ओसरी
यादीचा मुद्दा मान्य. यादी असेल तर मुलाला बांधून ठेवायची गरज नाही. पण मृत्युपत्र कोसळण्याचं काय? इसवी सनापूर्वी ४० मध्ये फाल्सिडियाचा कायदा आला तो याच दुखण्यावर. सगळं इतरांना वाटल्यावर हाती काही उरत नाही म्हणून वारस नकार देत, म्हणून किमान चौथा हिस्सा त्यांना राखून दिला. म्हणजे नकार महागात पडतो हे रोमनांनाही कळत होतं.

तिरफळ
कळत होतं, म्हणून त्यांनी आमिष दाखवलं. तुम्ही बेडी मागताय. आणि मुक्तीवाचून राहणाऱ्या गुलामांचंच म्हणाल, तर सम्राट मार्कस ऑरेलियसचा आदेश बघा. वारसा घ्यायला कुणीच येत नाही, मालमत्ता लिलावाला निघालेली. मृत्युपत्रात ज्याला मुक्ती लिहिली होती त्यानेच पुढे येऊन सावकारांना पूर्ण फेडीची हमी दिली, तर मालमत्ता त्याच्या हवाली करा आणि सगळ्यांची मुक्ती राखा. काम तेच, कर्जही तेच. फक्त या वेळी अर्ज गुलामाचा होता.