विषय: पुढच्या मोसमासाठी विंग्जची तिकिटं

प्रेषक: क्रीडा समिती
शनिवार, 13 सप्टेंबर 2025

नमस्कार मंडळी,
आपल्या महिला बास्केटबॉल संघाचा, डॅलस विंग्जचा, मोसम गुरुवारी संपला. पुढच्या उन्हाळ्यात मंडळातर्फे एक सामना एकत्र बघायचा का? आत्ताच आकडा हाताशी असला तर शेजारशेजारच्या जागा मागून ठेवता येतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी इथेच कळवावं.

*

प्रेषक: प्लेनोहून एक सभासद
शनिवार, 13 सप्टेंबर

समितीच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण स्पष्ट लिहितो. यंदा 44 सामन्यांत 10 विजय, गेल्या वर्षी 40 मध्ये 9. 27 जूनला इंडियानाची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क दिसेल म्हणून मुलांना घेऊन गेलो. ती दुखापतीमुळे खेळलीच नाही आणि तरीही आपण हरलो. परतताना लेकीनं गाडीत विचारलं, "बाबा, आपल्या नेहमीच हरतात का?" तिकिटं, पार्किंग, खाणं धरून चौघांचा खर्च थोडा नाही. तेच पैसे दिवाळीच्या कार्यक्रमाला द्यावेत असं मला वाटतं. या व्यावसायिक खेळाडू आहेत, खेळायचा पगार घेतात. जिंकायला लागल्या की जाऊ.

*

प्रेषक: सध्या मुक्काम सांगली
रविवार, 14 सप्टेंबर

दादा,
तुमचा मेल दोनदा वाचला. लेकीचा प्रश्न मनात राहिला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जूनपासून इथे विश्रामबागेत आईजवळ आहे. डॅलसचा संध्याकाळी 7 चा सामना इथे पहाटे साडेपाचला लागतो. आईचा चहा आणि माझी मॅच एकदमच सुरू होतात. त्यामुळे यंदाचे पराभव मी जवळजवळ सगळे बघितलेत.

तुमचे आकडे खरे आहेत. पण 2023 मध्ये याच संघानं 22 सामने जिंकून उपांत्य फेरी गाठली होती. त्याला दोनच वर्षं झालीत. मग मुख्य प्रशिक्षक गेल्या, सॅटू सॅबली फिनिक्सला गेली. यंदा ऐन मोसमात नलिसा स्मिथला लास व्हेगसला देऊन टाकलं आणि डिजोनाय कॅरिंग्टनला मिनेसोटाला. टाय हॅरिसचा तर गुडघाच गेला. 2021 पासून हे तिसरे मुख्य प्रशिक्षक. डिफेन्स म्हणजे पाच जणींना एकमेकींची लागलेली सवय असते. समोरचीनं स्क्रीन लावला, म्हणजे वाटेत उभं राहून आपल्या खेळाडूला अडवलं, की कोण कुणाला धरणार आणि मागची जागा कोण भरणार, हे बोलायच्या आधी कळावं लागतं. माणसंच टिकत नसतील तर ती सवय लागणार कधी? माझा राग यावर आहे. हरण्याचं मला दुःख होतं, राग येत नाही.

21 ऑगस्टची सकाळ सांगते. कोयनेचा विसर्ग वाढलेला, कृष्णा चढत होती. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका हे इथे पोराटोरांनाही पाठ आहे, आणि जो तो आयर्विन पुलापाशी पाणी किती झालं तेच विचारत होता. सामना लॉस एंजेलिसला, म्हणजे आपल्याकडे साडेसातला. आपल्या नवख्या पेज ब्यूकर्सनं 21 पैकी 17 शॉट घातले. 44 गुण! पहिल्याच मोसमात एका सामन्यात एवढे गुण म्हणजे 1997 च्या सिंथिया कूपरच्या विक्रमाशी बरोबरी. आणि शेवटच्या क्षणी त्यांच्या केल्सी प्लमनं बास्केट केली, आपण 81-80 असे हरलो. आईनं विचारलं, "कितीनं गं?" म्हटलं, एकानं. ती म्हणाली, "मग त्या पोरीला आज कुणीतरी नीट जेवायला घाला." हा सामना बघितला नसता तर मला फक्त पराभवाचा आकडा कळला असता.

आता एक गोष्ट, जी मंडळात मी कधी सांगितलेली नाही. शाळेत मी बास्केटबॉल खेळायचे. मातीचं मैदान, लोखंडी रिंग, जाळी कधीच नसायची. दोन वर्षं आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. तिसऱ्या वर्षी शाळेनं मुलींचा संघच बंद केला. "हरायलाच जाता, मग एस.टी.चा खर्च कशाला?" असं सांगितलं. त्या वर्षी आमचा बॉल पास करतानाचा अंदाज कुठे जमायला लागला होता. आमच्यात एक उंच मुलगी होती, रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल धरायला, तिच्यासारखी मी पुन्हा पाहिली नाही. तिनं त्यानंतर बॉल हातात घेतला नाही. "जिंकायला लागल्या की जाऊ" हे वाक्य म्हणूनच मला लागतं.

उलट आपल्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाचं बघा. 2023 च्या पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिलांच्या क्रिकेट लीगमध्ये, तिची बंगळूर पहिले पाचही सामने हरली, 8 पैकी 2 च जिंकली. पण कर्णधार तीच राहिली, एलिस पेरी राहिली, रिचा घोष राहिली, आणि 17 मार्च 2024 ला चषक त्यांच्या हातात होता. यंदा पुन्हा खाली घसरल्या. म्हणून सांगलीत कुणी तिचे सामने बघायचे सोडले नाहीत.

पगाराचंही सांगते. यंदाच्या नव्या खेळाडूंत पहिल्या क्रमांकानं निवडलेल्या पेजचा यंदाचा मूळ पगार 78,831 डॉलर. डब्ल्यूपीएलच्या पहिल्या लिलावात स्मृतीला 3 कोटी 40 लाख रुपये मिळाले होते, तेही जेमतेम तीन आठवड्यांच्या स्पर्धेचे. जुलैत ऑल-स्टारच्या, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या, वेळी या बास्केटबॉलच्या मुली आमचं देणं द्या असं लिहिलेले टी-शर्ट घालून उतरल्या, ते उगीच नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मी वेगळे पैसे देईन. समितीला एकच विनंती: इंडियानाचा सामना नको. तो मोठ्या हॉलमध्ये नेला होता आणि निम्मी गर्दी पाहुण्या संघाच्या बाजूची होती. आर्लिंग्टनला विद्यापीठाच्या छोट्या कोर्टावरचा एखादा साधा, मधल्या वारचा सामना घ्या. तिथे खालच्या रांगेतून मुलींना खेळाडूंचं एकमेकींशी बोलणं ऐकू येतं. माझी दोन तिकिटं धरा. दुसरं कुणासाठी ते ठरलेलं नाही, पण दोन धरा.

*

प्रेषक: प्लेनोहून एक सभासद
रविवार, 14 सप्टेंबर

ताई,
शाळेचं वाचून काय लिहावं कळेना. खर्चाबद्दलचं माझं म्हणणं तेच आहे, पण लेकीला 21 ऑगस्टचा सामना आज दुपारी लावून दिला. शेवटची पाच मिनिटं तिनं दोनदा बघितली.

समिती, आमची 4 धरा, मधल्या वारचीच. आणि ताई, तुमच्या त्या दुसऱ्या तिकिटावर आईंना आणता येत असेल तर विमानतळावर घ्यायला मी येतो.