निरंकाराच्या राईत चर नको

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बांबर गावच्या निरंकाराच्या राईत, म्हणजे दलदलीच्या देवराईत, चर खणून पाणी काढावं आणि माती टाकून पायवाट करावी, ही सूचना कळकळीची आहे, पण तिथलं रानजायफळ त्यानेच मरेल.

चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली वाकडी मुळं नीट बघा. सालीवरच्या बारीक छिद्रांतून ती हवा घेतात, कारण चिखलात प्राणवायू नसतोच. भराव किंवा वरून वाहून आलेला गाळ त्यांच्यावर बसला की झाड गुदमरतं. लगेच नाही, हळूहळू, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही. चराने पाणी निघून गेलं की एप्रिल-मेमध्ये चिखल तडकतो आणि कोरड्या जमिनीतली झाडं आत घुसतात. वाट हवीच असेल तर खांबांवर फळ्या टाकून करा, खालचं पाणी वाहतं राहील.

रोपं करायची तर बी उन्हात वाळवू नका, वाळलं की रुजतच नाही. पिकून पडलेलं ताजं बी, बीवरचं वेष्टन (पत्री) काढून, अर्धं उघडं राहील असं आडवं लावा. पिशवी सावलीत, कायम ओली. लागवड बारमाही झऱ्याकाठीच. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ-पठारावर, लावलेली रोपं उन्हाळा काढत नाहीत. आणि वरच्या उतारावरची झाडोऱ्याची तोड आधी थांबवा, गाळ तिथूनच येतो.