जावाच्या सीटची पट्टी : बोल्ट तुटले, पण रिबीट मारायचं नाही

प्रश्न (सांगली, गावभाग)
आण्णांची १९६९ची जावा मोटारसायकल २०१९च्या पुरात बुडाली होती. इंजिन, वायरिंग मार्गी लागलं, घोडं अडलंय सीटच्या पट्टीपाशी. सीटच्या खालच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी आहे. तिच्या कडा आत दुमडलेल्या, त्या खाचेत बारक्या बोल्टांची डोकी सरकवलेली, आणि नट पत्र्याच्या आतून. सातातले चार बोल्ट नट फिरवतानाच तुटले. सगळ्या डोक्यांभोवती पांढरी पूड धरलीय, एकही जागचं हलत नाही. गॅरेजवाला म्हणतो, बाहेरनं पट्टीला भोकं पाडून पॉप रिबीट (कायमची बसणारी खीळ) मारून मोकळं होऊ. आण्णा शेजारीच होते. बोलले काही नाहीत, नुसतं पट्टीवरनं बोट फिरवत बसले. म्हणजे रिबीट नाही. तसले बोल्ट कुठं मिळतील?

उत्तर (मिरज, कुशनचं काम)
शोधत फिरू नका, घरी होतात. चार एमएमचा साधा षटकोनी बोल्ट घ्या, डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीनं घासा. खाचेत जेमतेम सरकला पाहिजे, म्हणजे नट आवळताना डोकं फिरत नाही. डोकं जाड वाटलं तर वरनंही घासा. स्क्रू ड्रायव्हरनं खाच फाकवायला जाऊ नका, जुनी पट्टी तडकते.
आधी रेक्झिन ताणून पक्कं करा, पट्टी शेवटी. आणि रेक्झिनला ड्रिल लावू नका हो! आतलं कापड बिटाला गुंडाळतं आणि सगळं रेक्झिन चुरगळतं. दाभण तापवून भोक पाडा.

उत्तर (सातारा, येझदीवाला)
अडकलेल्या डोक्यांवर हातोडी नको. पट्टी सोडवून उकळतं पाणी ओता. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, खाच सैल होते. मग लाकडी ठोकळ्यानं हळू सरकवा. माझी तिसऱ्या किटलीला सुटली.
ती पांढरी पूड म्हणजे अॅल्युमिनियमच खाल्लं गेलंय. लोखंड, अॅल्युमिनियम आणि पाणी एकत्र आलं की हे होणारच. नवे बोल्ट स्टेनलेसचे घेतलेत तरी खाचेत ग्रीस भरा. आमच्याकडं कासला पावसात एक चक्कर मारली तरी सीटखाली पाणी साठतं.
नट नायलॉनवाला, खाली वायसर. वायसर बोटानं फिरायचा थांबला की बास. जास्त आवळलंत तर पट्टीला बाहेरनं खळी पडते, ती परत निघत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
झालं! किटल्या पाच लागल्या, बायकोनं गॅसचा हिशेब मागितला. सात बोल्ट घासायला अख्खा रविवार गेला. दाभणाचं तर लाख मोलाचं सांगितलंत, मी ड्रिल हातात घेऊनच बसलो होतो.
खळी मात्र एक पडलीच, डाव्या बाजूला, मागच्या बोल्टपाशी. आण्णांना अजून दिसलेली नाही.