एकट्याने केलेल्या ध्वनिमुद्रणाला ‘बँड’ म्हणावे का?

कृष्णाकाठ (सांगली):
विश्रामबागेतील एका परिचित तरुणाने गिटारवर बेतलेली चार मराठी गाणी घरच्या खोलीत मुद्रित केली आहेत. गिटार, बास, ड्रम आणि सगळे आवाज त्याचेच आहेत, तरीही मुखपृष्ठावर नाव मात्र बँडचे आहे. गाणी मला आवडली, हे आधीच सांगतो; माझा आक्षेप नावाला आहे. बँडमध्ये ड्रमवाला किंचित रेंगाळतो, बासवाला त्याला सावरून घेतो आणि ‘हे कडवे लांबले’ असे तोंडावर सांगणारे कोणीतरी असते. मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) टिकटिकीवर एकटा माणूस एकेक वाद्य चढवत जातो, तेव्हा त्याची लयीची खोड प्रत्येक वाद्यात उतरते. ध्रुवपदापूर्वी घाई करण्याची सवय असेल, तर सगळी वाद्ये एकदमच घाई करतात. तिसऱ्या गाण्यात नेमके हेच झाले आहे.

अजिंक्यतारा (सातारा):
अमेरिकी संगीतकार डेव्ह ग्रोल यांनी १९९४ मध्ये ‘फू फायटर्स’ या रॉक बँडचा पहिला अल्बम, एका गाण्यातील पाहुण्या गिटारचा अपवाद वगळता, एकट्यानेच मुद्रित केला आणि नाव मात्र अनेकवचनी ठेवले, वाजवणारी माणसे नंतर जमली. त्याने कोणाची फसवणूक झाली, हे मला समजत नाही. शिवाय एकट्याने काम करणाऱ्याला शिस्त नसते, असेही नाही. १९७९ साली आलेल्या टॅस्कॅम कंपनीच्या पोर्टास्टुडिओ या ध्वनिमुद्रण यंत्रात साध्या कॅसेटवर चारच ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्टे) मिळत. तीन भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि आधीचे तीन पुन्हा मोकळे करायचे. दर वेळी खरखर वाढे आणि मागे फिरता येत नसे, त्यामुळे काय ठेवायचे हे वाजवण्यापूर्वीच ठरवावे लागे. लॅपटॉपने ती सक्ती संपवली, हा दोष एकटेपणाचा नव्हे.

मिरजकर:
नाव काहीही ठेवावे. मात्र आमच्याकडे मिरजेत बनणाऱ्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, त्यावर अनेक हात फिरतात आणि जवारी काढताना (तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून जुळवताना) तर कानाचीच परीक्षा असते. मिक्सिंगचेही, म्हणजे मुद्रित आवाज एकमेकांशी जुळवण्याचेही, तसेच आहे. आठवडाभर तेच गाणे ऐकून थकलेल्या कानाला आपलाच आवाज मोठा झाल्याचे कळत नाही. त्या मुलाने एवढे एकच काम दुसऱ्याकडे द्यायला हवे होते.

कृष्णाकाठ:
फू फायटर्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण मंचावर जाण्यासाठी शेवटी माणसे जमवावीच लागली. मिरजकरांचे म्हणणे मान्य आहे. दुसऱ्या गाण्यात तर डावीकडची गिटार उचलून तशीच उजवीकडे चिकटवल्यासारखी वाटते.

अजिंक्यतारा:
तसे नाही. हुबेहूब प्रत दोन्हीकडे ठेवली असती, तर आवाज मधोमधच ऐकू आला असता, त्याला हा पसारा लाभला नसता. त्याने तोच भाग दोनदा वाजवला आहे. हेडफोन लावून दुसऱ्या कडव्याचा शेवट ऐका; डावी गिटार तार सोडायला किंचित उशीर करते.