जुना ताडपत्रीचा कॅम्पर बदलून हलका ट्रेलर घ्यायचाय, घाटात झेपेल असा कुठला घ्यावा?

वारजे_ते_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही सल्ला तरी कसा देणार.

आमच्याकडे १९९८ साली बाबांनी भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला घडीचा कॅम्पर आहे. खाली लोखंडी पेटी, दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या फळ्या आणि वर ताडपत्रीचा तंबू. रीतसर पासिंग झालेला, स्वतःचा नंबर असलेला. बाबा जीपला लावायचे, आता मी डिझेल स्कॉर्पिओला लावतो. भंडारदरा, काशीद, तारकर्ली सगळं याच्यावर झालंय, बहिणीचा पाचवा वाढदिवस पानशेतला याच्यातच केला होता.

पण आता त्याचा दम संपलाय. गेल्या ऑक्टोबरात भंडारदऱ्याला रात्री दोनला पाऊस आला आणि शिवणीतून पाणी गळायला लागलं, आईच्या उशीशेजारी स्टीलचं पातेलं ठेवलं, पहाटेपर्यंत टप टप चालू. आई रात्री काही बोलली नाही. सकाळी उशी उन्हात घालताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी घरीच थांबते रे." ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. बाबा ७३ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना फळीवर चढता येत नाही. त्यांनीच आम्हाला हे फिरणं शिकवलं आणि आता तेच घरी बसणार, हे मला पटत नाही.

आम्ही पाच जण आहोत, आईबाबा, मी, बायको आणि ८ वर्षांची लेक. तीन पर्याय बघितलेत. एक फायबरचा अखंड अंड्यासारखा १३ फुटी, आत उभं राहता येतं, विकणारा रिकामं वजन ७०० किलो सांगतो. दुसरा टीअरड्रॉप, म्हणजे आत फक्त झोपायचं आणि मागचं झाकण उघडून स्वयंपाक, ४५० किलो. तिसरा छत वर उचलता येणारा पॉपटॉप, ६०० च्या आसपास. बजेट बारा लाखांपर्यंत ताणता येईल. फोंडा घाट नेहमीचा आहे, आणि ट्रेलर ठेवायचा सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये. काय घेऊ?

घाटमाथ्यावरून

दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण ट्रेलर निवडायच्या आधी एक काम करा, आत्ताचा कॅम्पर सहलीला निघताना भरता तसाच्या तसा भरून वजनकाट्यावर न्या. वाळूच्या ट्रकवाल्यांचा काटा असतो ना, तोच. आधी गाडीसकट, मग गाडीपासून सोडवून नुसता ट्रेलर. तुमचं खरं वजन किती हे कळल्याशिवाय रिकाम्या ७०० ला आणि ४५० ला काही अर्थ नाही.

कारण रिकाम्या वजनात तुमचा संसार नसतो. पाणी एका लिटरला एक किलो, म्हणजे ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो तिथेच गेले. घरातला मोठा सिलेंडर भरलेला असताना जवळपास ३० किलो असतो, त्याऐवजी ५ किलोवाला छोटा घ्या. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५० किलोच्या पुढे जाते आणि तिची निम्मीच वापरायची असते, तर १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट १२-१३ किलोत बसते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. महाग आहे, पण हलक्या ट्रेलरमध्ये पैसा घालायची सगळ्यात चांगली जागा मला तरी हीच वाटते. आणि आत कपाटं करून देतो म्हणणाऱ्याला विचारा प्लाय किती एमएमचा. १८ एमएमची आठ बाय चारची एक शीट साधारण ३५ किलो भरते, अशा चार शीट लागल्या की झालंच.

दुसरं म्हणजे नाकावरचं वजन, म्हणजे हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडतो त्या जोडणीच्या) गोळ्यावर ट्रेलर किती भार टाकतो ते. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी, तिथल्या गाड्यांना बरेचदा ७५ किंवा १०० किलोची मर्यादा असते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा आणि त्याच्या आतच राहा. हे वजन कमी पडलं की ट्रेलर मागून शेपटी हलवल्यासारखा डुलायला लागतो. जड सामान नेहमी चाकांच्या वर किंवा जरा पुढे. घरचा वजनकाटा पुढच्या जॅकखाली ठेवून घरीच मोजता येतं.

ब्रेकचं तर आधी विचारा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि फोंडा उतरायचा असेल तर मी ५०० ला पण लावीन. दोन प्रकार मिळतात. ओव्हररनमध्ये गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच ब्रेक लागतात, साधं आणि स्वस्त. पण लांब उतारावर तो सतत ढकलतच राहतो, म्हणून ब्रेकचे ड्रम तापतात. इलेक्ट्रिकला ड्रायव्हरच्या हाताशी कंट्रोलर असतो, ट्रेलर डुलायला लागला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावता येतात, आणि त्या वेळी गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नसतो हे घरात जे जे चालवतात त्या सगळ्यांना सांगून ठेवा. उतरताना खालचा गिअर, हे तुम्हाला माहीतच असेल.

निळी_थर्मास

मी फायबरवाल्यांच्या बाजूने बोलणार. आमचा आधीचा ट्रेलर लाकडी सांगाडा आणि वर पत्रा असा होता, सेकंडहँड घेतला होता, बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने दोघांनी "कोरडा आहे" सांगितलं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लाय बिस्किटासारखा आत गेला. जिथे जिथे छताचे सांधे होते तिथून पाणी शिरलं होतं आणि बाहेरून एक थेंब दिसत नव्हता. कोकणात जाणाऱ्या माणसाने सांधे मोजावेत असं माझं मत झालंय.

अंड्यासारख्या ट्रेलरला छतावर सांधाच नसतो. ही कल्पना जुनी आहे, कॅनडात विनिपेगला १९६८ साली बोलर नावाचा १३ फुटी ट्रेलर आला, करणाऱ्याने आधी फायबरची सेप्टिक टाकी बनवली होती त्यावरून त्याला सुचलं. वरचा एक साचा, खालचा एक साचा, मध्ये कंबरेला जोड. तेव्हाचे काही अजून रस्त्यावर आहेत. पाणी शिरायला फक्त खिडक्या, छतावरचा व्हेंट आणि तो कंबरेचा जोड, म्हणजे तपासायला तेवढ्याच जागा. वापरलेला बघायला गेलात तर गाद्या उचलून कोपरे दाबा आणि दार पाच मिनिटं बंद ठेवून मग उघडा, कुबट वास लपत नाही.

काकांच्या गुडघ्यांसाठी मात्र टीअरड्रॉप नकोच. त्यात वाकून, रांगत शिरायचं असतं आणि रात्री बाथरूमला उठायचं म्हटलं तर रोजचाच त्रास. काकूंना पण भर पावसात बाहेर उभं राहून चहा करावा लागेल. पायरीची उंची टेपने मोजा, बेडची उंची मोजा, गुडघ्याच्या वर असली तर बसता उठता येतं. शक्य असेल तर काकांना घेऊन जा आणि आत तीनचार वेळा चढउतार करू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका, त्यांचा चेहरा बघा.

टेकडीखालचा

कागदपत्रांचं सांगतो कारण इथेच लोक अडकतात. ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यासाठी बनवणाऱ्याकडे टाइप अप्रूव्हल, म्हणजे ते मॉडेल तपासून मिळालेली मान्यता, असायला हवं. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था हे टेस्टिंग करतात. सर्टिफिकेट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यावरचं मॉडेल आणि तुम्ही घेताय ते मॉडेल एकच आहे ना ते जुळवा, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाने एका बनवणाऱ्याला नव्वद टक्के आगाऊ दिले, ट्रेलर आला, कागद आले नाहीत, वर्षभर तो शेतात झाकून ठेवलाय. इन्शुरन्सवाल्यांना पण ट्रेलर ओढतोय हे लेखी कळवा.

हिचचा गोळा बघून घ्या. ५० एमएमचा आणि दोन इंचाचा, म्हणजे ५०.८ चा, हातात घेतले तर सारखेच वाटतात, पण दोन इंची कपलरमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरच्या पकडीत, ५० चा गोळा सैल बसतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून वयाने जातात.

वारजे_ते_वेंगुर्ला

मंडळी, काल वजन करून आलो. मी आजवर सगळ्यांना छातीठोक ५५० सांगत होतो. भरलेला कॅम्पर ८६० निघाला! आणि नाकावर फक्त ३५ किलो, म्हणजे ४ टक्के. खंबाटकी उतरताना तो डुलायचा तेव्हा मी वाऱ्याला दोष द्यायचो, खरं कारण मागच्या पेटीतले पाण्याचे कॅन आणि सिलेंडर. ब्रेक तर नाहीतच. इतकी वर्षं सगळ्यांना बसवून असा घाट उतरलो हे कळल्यावर रात्री झोप लागली नाही.

बाबांना घेऊन फायबरवाला बघून आलो. ते आत गेले, बेडवर बसले, कुणाचा हात न धरता उठले, सिंकचा नळ उघडबंद केला आणि म्हणाले, "पाच माणसं झोपवायचा हट्ट सोड. आम्ही दोघं आत, तुम्ही बाहेर तंबूत." हे मला सुचलंच नव्हतं. अडचण एकच, स्टिल्टमध्ये बीमखाली साडेसहा फूट उंची आहे आणि हा सव्वासात.

घाटमाथ्यावरून

काका बरोबर बोलले. पाच जणांची सोय आत केली की बेड, कपाटं, वजन सगळं वाढत जातं. दोघांचा ट्रेलर आणि शेजारी चांगला तंबू, किंवा ट्रेलरच्या बाजूला लावायचा ऑनिंगचा (पडवीसारखा) तंबू.

उंचीसाठी पॉपटॉप सुचवला असता, पण त्याच्या बाजूंना पुन्हा कापडच असतं आणि तुम्ही पळताय ते त्याच्यापासूनच. त्यापेक्षा पौड किंवा भूगाव रस्त्याला कुणाच्या तरी शेडमध्ये महिन्याच्या भाड्याने ठेवा. ट्रेलर मागे घ्यायला शिकायला पण तिथे मोकळी जागा मिळेल, १३ फुटी ट्रेलर चटकन वळतो, रिव्हर्सला लांब ट्रेलरपेक्षा अवघड जातो, म्हणून पहिले दोन रविवार नुसतं मागे घ्यायची प्रॅक्टिस करा.

वारजे_ते_वेंगुर्ला

भूगावला मावसभावाच्या गोडाऊनमागे जागा मिळतेय. फायबरवाल्याला इलेक्ट्रिक ब्रेक, लिथियम बॅटरी आणि ४० लिटरची टाकी असं लिहून पाठवलंय, टाइप अप्रूव्हलची कॉपी मागितलीय, ती आली की दहा टक्के देणार. आईला अजून काही सांगितलं नाहीये. जुन्या कॅम्परची ताडपत्री मात्र बाबांनी काढून घेतली, धुऊन गच्चीत वाळत घातलीय.